नाद आणि नादखुळे

१९०० सालच्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये ब्रिटिश फौज एका टेकडीवर चढली. रात्रीच्या अंधारात, धुक्यातून चढली. सकाळी धुकं विरलं तेव्हा कळलं की आजूबाजूच्या उंचवट्यांवर बोअर बंदुका रोखून बसलेत आणि आपण ताटात वाढल्यासारखे त्यांच्या पुढ्यात आहोत. टेकडीचं नाव स्पियन कॉप, म्हणजे टेहळणीची टेकडी. अडीचशेच्या आसपास ब्रिटिश सैनिक तिथे मेले, त्यांत लँकेशायरच्या पलटणींतली पोरं पुष्कळ होती. जखमींना वाहून नेणाऱ्यांत नाताळमधल्या हिंदी लोकांचं एक पथक होतं आणि ते उभं करण्यात पुढाकार होता तीस वर्षांच्या एका बॅरिस्टरचा, मोहनदास करमचंद गांधींचा. जखमींना स्ट्रेचरवर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावं लागे, असं त्यांनी पुढे आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

सहा वर्षांनी लिव्हरपूलमधल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर एका गोलपोस्टमागे प्रेक्षकांना उभं राहण्यासाठी मोठा उतार रचला गेला. गावातल्या एका क्रीडा संपादकाने त्याला नाव सुचवलं, स्पियन कॉप. ज्या घरांतली पोरं त्या टेकडीवरून परतली नव्हती, त्याच घरांतले बाप-भाऊ शनिवारी दुपारी या उतारावर येऊन उभे राहू लागले. पुढे 'स्पियन' गळून गेलं आणि नुसतं 'कॉप' राहिलं. आज जगभरच्या फुटबॉलवेड्यांना कॉप म्हटलं की गाणं आठवतं, लढाई कुणालाच आठवत नाही.

फुटबॉलच्या गाण्यांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना एका हरलेल्या लढाईपासून सुरू करतोय याला कारण आहे. ही गाणी खेळाबद्दल असतात असा आपला समज असतो. बऱ्याचदा ती खेळाबद्दल नसतातच. प्रेक्षक मैदानावर येतात ते अंगाखांद्यावर काहीतरी घेऊन येतात: गेलेली माणसं, बंद पडलेली गोदी, आकसत चाललेली भाषा, न ऐकणारं सरकार. समोर बावीस जण चेंडूमागे धावत असताना त्या ओझ्याला आवाज फुटतो.

आधी एक कबुली देऊन टाकतो. या पुस्तकात गाण्यांचे शब्द कमी आणि गोष्टी जास्त आहेत. शब्द म्हणून ही गाणी बहुतेक सामान्य असतात, काही तर टुकार. कागदावर उतरवली की भिजलेल्या फटाक्यासारखी दिसतात. २००४ साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या प्रायोजकांनी स्पर्धा घेऊन चक्क एक 'राजकवी' नेमला. परीक्षकांचे अध्यक्ष होते देशाचे खरेखुरे राजकवी अँड्र्यू मोशन, आणि विजेत्याला दहा हजार पौंड मिळाले. कल्पना गमतीची होती, पण कॉपला कुणी राजकवी नेमून दिलेला नव्हता. एडवर्ड एल्गारसारख्या मोठ्या संगीतकारालाही हा मोह आवरला नव्हता. तो वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा चाहता. १८९८ मध्ये वर्तमानपत्रातल्या सामन्याच्या वर्णनातला एक वाक्प्रयोग त्याला इतका आवडला की त्याने त्याला सूर लावले. पण गर्दीने एल्गारची चाल काही उचलली नाही. गर्दीची निवड वेगळी असते.

ती कशी असते हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागू नये. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' छापलेली असते: अमक्या लावणीची, तमक्या भजनाची, नाहीतर कुठल्या कानडी पदाची. शब्द नवे, चाल उसनी, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. गावोगावची भजनी मंडळं सिनेमाच्या चालींवर विठ्ठलाला आळवतात तेही असंच. फुटबॉलची गॅलरी हेच करते. क्यूबातल्या 'ग्वांतानामेरा'चं उदाहरण घ्या. होसेइतो फेर्नांदेसने रेडिओवर लोकप्रिय केलेली ती चाल. तिच्यात नंतर होसे मार्तीच्या कवितांचे शब्द बसवले गेले. मार्ती म्हणजे क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी १८९५ मध्ये रणांगणावर मेलेला कवी. १९६० च्या दशकात अमेरिकन गायकांनी ते गाणं जगभर नेलं आणि इंग्लंडच्या गॅलऱ्यांनी उचललं. आमच्या अमक्यासारखा जगात एकच, हे तिथे आजही त्याच चालीवर सांगतात. समोरच्या संघाचा कुणी फार जाड असेल तर तेही त्याच चालीवर. मार्तीचा आत्मा यावर काय म्हणत असेल ते देवाला ठाऊक.

लंडनच्या वेस्ट हॅमचं गाणं तर साबणाच्या बुडबुड्यांचं आहे. मूळ गाणं अमेरिकेतलं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचं. ते पूर्व लंडनमधल्या गोदी कामगारांच्या संघाला कसं चिकटलं याची एक गोष्ट तिथले लोक सांगतात. जॉन एव्हरेट मिलेने बुडबुड्याकडे टक लावून बसलेल्या कुरळ्या केसांच्या मुलाचं एक चित्र काढलं होतं. पिअर्स साबणाच्या कंपनीने ते जाहिरातीत वापरलं आणि ते घरोघरी पोचलं. वेस्ट हॅमच्या भागातल्या एका शाळेच्या संघात त्या चित्रातल्या मुलासारखा दिसणारा एक पोरगा खेळायचा. त्याला सगळे बबल्स म्हणायचे आणि त्याच्या सामन्यांना ते गाणं म्हणायचे. गोष्ट शंभर टक्के खरी आहे का, हा प्रश्न मी विचारत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात अंगाला पिअर्स चोळणाऱ्या घरांचा या गाण्याशी दूरचा का होईना संबंध लागतो, एवढ्यावर मी खूश आहे.

पण चाल उचलायची तर कुठलीही चालत नाही. त्यामागे साधं शास्त्र आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर लांबीच्या गॅलरीत एका टोकाने उचललेला सूर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ तृतीयांश सेकंद गेलेला असतो. चाल जलद असेल तर अर्ध्या गॅलरीची ओळ संपते तेव्हा उरलेली अर्धी अजून वाटेतच असते. म्हणून चाल संथ लागते, स्वर लांबवता यायला लागतात, आवाका पाच-सहा सुरांपलीकडे गेला तर बहुतेकांचे गळे फाटतात. पट्टी द्यायला कुणी नसतं, तेव्हा पहिला माणूस ज्या सुरात ओरडेल तीच पट्टी. इटली-जर्मनीत यावर तोडगा म्हणून 'कापो' असतो. हा म्होरक्या कुंपणापाशी चढून कर्णा घेऊन उभा राहतो, तोंड गर्दीकडे, पाठ मैदानाकडे. नव्वद मिनिटं सगळ्यांना गायला लावतो आणि स्वतः सामना जवळजवळ बघतच नाही. गोल झाला हे त्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळतं. फुटबॉलवर याहून निरपेक्ष प्रेम करणारा माणूस मला माहीत नाही.

या नियमांत चपखल बसलेलं आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे 'सेव्हन नेशन आर्मी'. व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटला ही सात सुरांची ओळ २००२ च्या जानेवारीत मेलबर्नमध्ये कार्यक्रमाआधी वाद्यं जुळवून बघताना सुचली. २००३ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रूगेचे चाहते मिलानला सामन्यासाठी गेले, तिथल्या एका बारमध्ये त्यांनी ती ऐकली आणि ती गुणगुणतच स्टेडियमवर गेले. त्या रात्री ब्रूगेने बलाढ्य एसी मिलानला त्यांच्या घरी हरवलं. झालं, चाल शकुनाची ठरली. ब्रूगेच्या मैदानावर गोल झाला की ती वाजू लागली. २००६ मध्ये रोमाचा संघ ब्रूगेला आला, त्याच्या पाठीराख्यांनी ती तिथून उचलून इटलीला नेली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत इटलीने बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा सगळा देश ती गात होता. शब्द नाहीतच, नुसते 'पो-पो-पो'. म्हणून भाषांतराची भानगड नाही. गाणाऱ्यांतल्या बहुतेकांना व्हाइट स्ट्राइप्स कोण हे माहीत नसतं, आणि जॅक व्हाइटला याचाच आनंद आहे. आपली चाल लोकसंगीतात विरघळून गेली याहून सुंदर काही नाही, अशा अर्थाचं तो बोललेला आहे.

चाहत्याला काय म्हणायचं, यातही या वेडाचा इतिहास दडला आहे. इटलीत त्याला तिफोसो म्हणतात. शब्द टायफसच्या तापावरून आलेला, म्हणजे तापाने फणफणलेला. ब्राझीलमध्ये तोर्सेदोर, म्हणजे पिळणारा, चिंतेने हातातला रुमाल पिळत बसणारा. स्पॅनिश बोलणाऱ्या जगात तो इंचा, आणि ही गोष्ट सगळ्यांत गोड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरुग्वेत माँटेव्हिडिओच्या नासिओनाल क्लबमध्ये प्रुदेन्सिओ मिगेल रेयेस नावाचा एक माणूस होता. धंद्याने चामड्याचं काम करणारा. क्लबचे चेंडू फुगवणं हे त्याचं काम, आणि फुगवणे म्हणजे स्पॅनिशमध्ये इंचार. सामना सुरू झाला की हा गडी मैदानाच्या कडेने धावत इतक्या जोरात ओरडायचा की लोक एकमेकांना दाखवायचे, बघा तो हवा भरणारा. पुढे ओरडणारा प्रत्येक जणच हवा भरणारा झाला. मराठीत 'हवा भरणे' या शब्दांना जी छटा आहे ती रेयेसला ठाऊक असती तर तो खूश झाला असता.

याच दक्षिण अमेरिकेतलं अलीकडचं गाणं म्हणजे अर्जेंटिनाचं 'मुचाचोस'. मूळ गाणं ला मोस्का या बँडचं, २००३ चं, प्रेमभंगानंतर दारू पिण्याचं. गॅलऱ्यांनी ती चाल कधीच पळवली होती. २०२१ मध्ये अर्जेंटिनाने माराकानावर ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका जिंकली आणि फेर्नांदो रोमेरो नावाच्या एका शिक्षकाने त्या चालीवर नवे शब्द बसवले. त्यात मेस्सी आहे, स्वर्गातून बघणारा मॅराडोना आहे, हरलेल्या अंतिम सामन्यांचं रडणं आहे. आणि १९८२ च्या माल्विनास युद्धात मेलेली पोरंही आहेत. फॉकलंड बेटांसाठीच्या त्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ जण गेले. विश्वचषकाच्या गाण्यात त्यांचं काय काम, असं बाहेरच्याला वाटेल. स्पियन कॉपचं अ‍ॅनफिल्डवर काय काम होतं?

आता अ‍ॅनफिल्डच्या त्या गाण्याकडे येतो, कारण त्याला टाळून हे पुस्तक लिहिता येत नाही. 'यू विल नेव्हर वॉक अलोन'चा प्रवास बुडापेस्टपासून सुरू होतो. फेरेन्स मोल्नार या हंगेरियन लेखकाचं 'लिलियोम' हे नाटक १९०९ मध्ये तिथे रंगभूमीवर आलं. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावर गिऱ्हाईक जमवणाऱ्या एका उडाणटप्पूची ही गोष्ट. चोरी फसल्यावर तो जीव देतो आणि मागे गरोदर बायको राहते. १९४५ मध्ये रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी ते कथानक अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेलं आणि 'कॅरोसेल' हे संगीत नाटक केलं. नवरा मेलेल्या त्या बाईला धीर देण्यासाठी तिच्या नात्यातली एक बाई हे गाणं म्हणते. म्हणजे ते मुळात मर्तिकाच्या घरचं गाणं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्सनी ते ध्वनिमुद्रित केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सामन्याआधी अ‍ॅनफिल्डवर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजवली जात. हे गाणं यादीतून उतरलं तरी कॉपने गायचं थांबवलं नाही, असं सांगतात.

१९६४ च्या एप्रिलमध्ये बीबीसीचा कॅमेरा कॉपसमोर उभा राहिला. त्या दिवशी लिव्हरपूलने आर्सेनलला ५-० असं हरवून विजेतेपद मिळवलं, पण पडद्यावर खेळापेक्षा गर्दीच जास्त दिसते. खांद्याला खांदा लावून डोलणारे हजारो लोक आपल्याच गावच्या बीटल्सची गाणी एका सुरात म्हणतायत. वार्ताहर म्हणतो की मानववंशशास्त्रज्ञाला इथे दक्षिण समुद्रातल्या एखाद्या बेटाइतकीच समृद्ध आणि गूढ लोकसंस्कृती सापडेल. त्याच्या बोलण्यात थोडा वरच्या वर्गाचा तोरा आहे. तरी निरीक्षण खोटं नव्हतं.

पंचवीस वर्षांनी ते गाणं पुन्हा मर्तिकाच्या घरी परतलं. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपचा उपांत्य सामना. पोलिसांनी बाहेरची गर्दी हलकी करायला एक दार उघडलं आणि लोक आधीच भरलेल्या पिंजऱ्यासारख्या कप्प्यांत लोटले गेले. ९७ जण गेले, त्यातला शेवटचा जखमी ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये. दारू प्यायलेल्या चाहत्यांनीच हे घडवलं, असं पोलिसांकडून आणि काही वृत्तपत्रांतून सांगितलं गेलं. घरच्यांनी हे खोटं आहे म्हणत २७ वर्षं काढली. २०१६ च्या एप्रिलमध्ये वॉरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा घडवलेले आहेत आणि चाहत्यांचा दोष नव्हता. तेव्हा न्यायालयाबाहेर पायरीवर उभं राहून घरच्यांनी हेच गाणं म्हटलं. ते चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे. सूर कुणाचाच नीट लागलेला नाही.

इंग्लंडात मर्तिकाचं आणखी एक गाणं दरवर्षी मैदानावर गायलं जातं. हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मगुरूने १८४७ मध्ये, मृत्यू जवळ आलेला असताना पूर्ण केलेलं 'अबाइड विथ मी'. १९२७ पासून एफए कपच्या अंतिम सामन्याआधी ते गाण्याची प्रथा आहे. हे गांधीजींचं आवडतं स्तोत्र. आपल्याकडे दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ते वाजत असे, २०२२ मध्ये वगळलं गेलं. स्पियन कॉपवर स्ट्रेचर उचलणारा माणूस असा दोन वाटांनी या पुस्तकात शिरलेला आहे. मी त्याला मुद्दाम आणलेलं नाही.

वेल्सच्या गाण्याने मला सगळ्यांत जास्त हेवा वाटायला लावला. डॅफिड इवान हा गायक वेल्श भाषेच्या चळवळीतला, इंग्रजी रस्ताफलकांवर रंग फासल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. १९७९ च्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभा नाकारली होती, खाणी बंद पडण्याचं सावट होतं. अशा दिवसांत, १९८३ मध्ये, त्याने 'इमा ओ हीद' लिहिलं. नावाचा अर्थ 'अजून इथेच आहोत'. गाणं सुरू होतं थेट रोमन काळापासून, की सोळाशे वर्षं झाली आणि आम्ही अजून आहोत. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२२ च्या मार्चमध्ये, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रियाविरुद्धच्या सामन्याआधी पांढऱ्या केसांचा इवान कार्डिफच्या मैदानात उभा राहिला आणि गाता गाता त्याचे डोळे भरून आले. वेल्स १९५८ नंतर पहिल्यांदाच विश्वचषकाला गेलं आणि हेच त्यांचं अधिकृत गाणं झालं. ज्यांना वेल्श बोलता येत नाही अशा हजारो लोकांनी त्याचे शब्द पाठ केले. परिसंवादांतून भाषा वाचवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा बघून ठेवावं.

उत्तर आफ्रिकेत मामला याहून धगधगता आहे. अल्जीरियात १९९२ पासून २०११ पर्यंत आणीबाणी होती आणि तिच्यानंतरही राजधानीत मोर्चाला परवानगी मिळत नसे. मग तरुणांना हजारोंनी एकत्र जमून मोठ्याने बोलता येईल अशी जागा उरली स्टेडियमची. यूएसएम अल्जे या क्लबच्या उलेद एल बाहजा या गटाने २०१८ मध्ये 'ला कासा देल मुरादिया' हे गाणं केलं. एल मुरादिया म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा महाल जिथे आहे तो भाग, आणि नावात दरोडेखोरांच्या एका गाजलेल्या स्पॅनिश मालिकेवर कोटी. गाण्यात झोप न येणाऱ्या तरुणाची रात्र आहे आणि अध्यक्ष बूतेफ्लिका यांच्या एकेका कार्यकाळाचा हिशेब. २०१३ मध्ये पक्षाघात झालेले, क्वचितच लोकांसमोर दिसणारे बूतेफ्लिका २०१९ च्या फेब्रुवारीत पाचव्यांदा उभे राहणार असं जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर आले. रस्त्यावर काय म्हणायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही, पोरांना ते गॅलरीतून पाठ होतं. २ एप्रिलला बूतेफ्लिकांनी राजीनामा दिला. शेजारच्या मोरोक्कोत राजा कासाब्लांका या क्लबच्या चाहत्यांचं 'फी ब्लादी दलमूनी', म्हणजे 'माझ्याच देशात माझ्यावर अन्याय झाला', हे गाणंही असंच सीमा ओलांडून गेलं.

म्हणून गॅलरी म्हणजे लोकशाहीचं मंदिर, असं मात्र मी म्हणणार नाही. १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या आठ खेळाडूंसह २३ जण गेले. प्रतिस्पर्ध्यांनी पुढे कित्येक वर्षं हात पसरून, विमानाची नक्कल करत त्यावर गाणी म्हटली. हिल्सबरोवरही म्हटली गेली, आणि ती म्हणणाऱ्यांत म्युनिकने ज्यांना पोळलं त्यांचेच लोक होते. २०२३ च्या मे महिन्यात वॅलेन्सियाच्या मैदानावर विनिसियस ज्युनियर या कृष्णवर्णीय खेळाडूला उद्देशून माकडाच्या नावाने आरोळ्या उठल्या. एकट्याने रस्त्यात जे बोलायची कुणाची छाती होणार नाही, ते चार हजारांत मिसळून बोलता येतं. गर्दीचं बळ हेच तिचं पाप. या पुस्तकातली दोन प्रकरणं अशा गाण्यांची आहेत आणि ती लिहिताना मला मजा आली नाही.

आपल्याकडचं प्रकरण लहान आहे, पण ते मी सगळ्यांत आवडीने लिहिलं. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेचं पाटाकडील आणि शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की सामना संघांचा राहत नाही, पेठांचा होतो. तिथे 'नाद खुळा' या शब्दांतले दोन्ही नाद, आवाजाचा आणि छंदाचा, एकाच वेळी ऐकू येतात. गोव्यात 'फोर्सा गोवा' ही पोर्तुगीज आरोळी कोकणी गळ्यातून येते. कोलकात्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला. सामना नसतानाही दोन्हीकडचे लोक स्टेडियमबाहेर आले, मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले, आणि शंभर वर्षांचं वैर बाजूला ठेवून एका आवाजात न्याय मागू लागले.

शेवटचं प्रकरण शांततेचं आहे. २०२० मध्ये करोनाने जगभरची मैदानं रिकामी केली आणि टीव्हीवाल्यांनी डब्यात भरून ठेवलेला गर्दीचा आवाज सामन्यांखाली सोडला. नेमकं त्याच वर्षी लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीग जिंकली. २२ जुलैच्या रात्री चषक देण्यासाठी मंच उभारला तो मैदानात नाही, कॉपवर. खेळाडू एकेक करून त्या उतारावर चढले. आजूबाजूच्या लाल खुर्च्यांवर माणूस नव्हता, नुसती कापडी फलकं अंथरलेली. जमू नका असं क्लबने आणि पोलिसांनी बजावलं होतं, तरी हजारो लोक भिंतीच्या बाहेर आले. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. लाल धुरात उभं राहून, भिंतीकडे तोंड करून ते गात होते.